सोलापूरचे द्वारकानाथ, चीनचे के दिहुआ

आमच्या शेजारच्या अक्का पूर्व भागात वाढलेल्या. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि बाजारात गरज पडली तर कानडीसुद्धा. त्यांच्या आजेसासऱ्यांनी हातमागावर लुगडी विणली, सासऱ्यांनी यंत्रमागावर चादरी काढल्या, सासूबाईंनी विड्या वळून मुलं शिकवली. चौथी पिढी आता इथंच कॉलेजात जाते. परवा कुठल्याशा दाखल्यासाठी अक्का एका कचेरीत गेल्या. टेबलामागच्या माणसानं अर्जावरचं आडनाव वाचलं आणि विचारलं की मूळ गाव कुठलं, इकडं कधी आलात? अक्कांचा जन्म सोलापूरचा, लग्न सोलापुरातलं, मुलंबाळं सोलापूरची. काय उत्तर द्यायचं? घरी येऊन त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितलं खरं, पण तो प्रश्न त्यांना लागला होता हे आम्हा सगळ्याजणींना कळलं.

त्या संध्याकाळी मला भय्या चौकातल्या एका घराची आठवण झाली. तुमच्यापैकी कितीजणी तरी त्या घरावरून रोज जात असतील. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर. शाळेत त्यांचा धडा आपण सगळ्यांनी ऐकलाय, सिनेमाही टीव्हीवर कधीतरी पाहिलाय. चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा केली, तिथंच वारले. एवढं आपल्याला पाठ असतं. पण एका परक्या देशात परका म्हणून गेलेला हा माणूस तिथला कसा झाला, हे मात्र आपण कधी नीट विचारलं नाही. आज तेच सांगायचं आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. घर मध्यमवर्गीय, माणसांनी भरलेलं. दोन भाऊ, पाच बहिणी. ते सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. पहाटे भोंगा वाजला की गाव जागं व्हायचं. कामासाठी चारी दिशांनी माणसं यायची. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून कानडी कुटुंबं आली, मराठवाड्यातून दुष्काळानं उठलेली माणसं आली. तेव्हा तेलंगण आणि मराठवाडा दोन्ही निजामाच्या राज्यात होते बरं का! म्हणजे अक्कांचे आजेसासरे सोलापुरात आले तेव्हा कागदोपत्री ते दुसऱ्या राज्याची प्रजा होते. पण मागावर बसणाऱ्याला गाव विचारून कुणी वेगळं सूत देत नव्हतं. गाव त्यांच्या घामानं वाढत गेलं.

मे १९३० मध्ये या गावात ब्रिटिशांनी मार्शल लॉ पुकारला. पुढं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात सोलापूरच्या चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. नावं एकदा मोठ्यानं वाचून बघा. त्यांतला मूळचा कोण आणि बाहेरून आलेला कोण, हे फासावर चढवताना कुणी विचारलं नाही. द्वारकानाथ तेव्हा २० वर्षांचे होते. ज्या गावात ते लहानाचे मोठे झाले, त्या गावानं त्यांना हे दाखवलं होतं.

पुढं ते मुंबईला गेले. शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाले. घरच्यांना वाटलं असणार, आता मुलगा दवाखाना टाकेल, बहिणींच्या लग्नांना हातभार लावेल, सूनबाई येईल. कुठल्याही घरात वाटतं तसंच.

पण १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठा हल्ला केला. चीनकडे सैनिक होते, डॉक्टर नव्हते. चिनी सेनापती जू द यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये देशाला आवाहन केलं. आपण स्वतः गुलामगिरीत, खिशात पैसा नाही, तरी लोकांनी वर्गणी काढली. पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि आपले डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली. द्वारकानाथांचं वय तेव्हा २७.

बोट चीनच्या दक्षिण किनाऱ्याला, कॅन्टनला लागली. तिथून पुढं शहरामागून शहर, कधी ट्रकनं, कधी नदीतून, वरून बॉम्ब पडताहेत. त्याच काळात या पाचजणांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या मूळ नावाचा एक तुकडा ठेवला आणि शेवटी हुआ हे अक्षर जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले के दिहुआ.

आपल्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलायची पद्धत होती, अजून कुठं कुठं आहे. तांदळाच्या ताटात नवं नाव लिहायचं आणि जुनं पुसायचं. कितीतरी आयांना, आज्यांना त्याचं दुःख आयुष्यभर राहिलं. इथं मात्र जुनं नाव पुसलं नाही. त्याच्याच शेजारी नव्या घराचं अक्षर बसवलं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

पथक चीनमध्ये फिरत असतानाच सोलापूरहून बातमी आली की वडील गेले. मोठा घाव होता. परत फिरायचं म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. घरी आई, धाकटी भावंडं. पण द्वारकानाथ परतले नाहीत. हाती घेतलेलं काम अर्ध्यावर टाकून यायचं त्यांच्या मनाला पटलं नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. हळूहळू पथकातले तिघं प्रकृतीमुळं किंवा इतर कारणांनी मायदेशी परतले. डॉ. बसू आणि डॉ. कोटणीस मागे राहिले आणि १९३९ च्या अखेरीस आठव्या मार्ग सेनेबरोबर उत्तरेकडच्या आघाडीवर निघाले.

ती आघाडी म्हणजे वुताई पर्वताकडचा डोंगराळ मुलूख. चारी बाजूंनी जपानी सैन्याचा वेढा. दवाखाना म्हणजे एखाद्या शेतकऱ्याचं घर, कधी देऊळ. औषधं संपलेली, बँडेज धुऊन धुऊन वापरायचं. जपानी जवळ आले की सगळा दवाखाना खेचरांवर लादून दुसऱ्या गावी हलवायचा. १९४० च्या एका मोठ्या लढाईत डॉ. कोटणीस सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया करत उभे होते. त्या लढाईत त्यांनी ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले.

एक गोष्ट त्यांनी सुरुवातीपासून केली. ते तिथली भाषा शिकले. नुसती बोलण्यापुरती नाही, तर वाचण्या-लिहिण्यापर्यंत. पुढं तर वैद्यकीय शाळेत चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. सोलापूरसारख्या गावात वाढलेल्या मुलाला चार भाषा कानावर पडायची सवय असतेच. पाचवी शिकायला तो बिचकत नाही.

नॉर्मन बेथ्यून नावाचे एक कॅनडाचे सर्जन याच भागात काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, रक्तात विष भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावानं तिथं आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय निघालं. १९४१ मध्ये त्या रुग्णालयाचे प्रमुख कोण झाले? आपले कोटणीस! जरा विचार करा. तिथं चिनी डॉक्टर होते, नर्सेस होत्या, सैन्यातले अधिकारी होते. त्या सगळ्यांवर एका परदेशी माणसाला, तेही वयाच्या तिशीत, प्रमुख नेमलं. पाहुणा म्हणून मान देणं सोपं असतं. सत्कार करायचा, पहिल्या पंगतीला बसवायचं, वाढायचं. घराच्या किल्ल्या हातात देणं अवघड. कोटणीसांना तिथं किल्ल्या मिळाल्या.

याच काळात त्यांची ओळख झाली गुओ छिंगलान यांच्याशी. छिंगलान नर्स होत्या, पेकिंगच्या मोठ्या रुग्णालयात काम केलेल्या. युद्ध सुरू झाल्यावर शहरातली नोकरी सोडून त्या डोंगरात आल्या आणि तिथल्या वैद्यकीय शाळेत नर्सिंग शिकवू लागल्या. डॉ. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांनी कोटणीसांना पहिल्यांदा पाहिलं. हा परदेशी डॉक्टर आपल्या भाषेत बोलतो, लिहितोसुद्धा, याचं त्यांना फार नवल वाटलं. ओळख वाढली. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. ना वाजंत्री, ना मांडव, ना नवऱ्याकडचं एकही माणूस! सोलापूरची सून सोलापूर न बघताच कोटणीसांची झाली.

२३ ऑगस्ट १९४२ ला त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बापाच्या नावात चीन जोडला होता, मुलाच्या नावात दोन्ही देश शेजारी शेजारी आले. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉ. कोटणीसांना चिनी कम्युनिस्ट पक्षाचं सदस्यत्व मिळालं होतं. त्या मुलखात कारभार त्याच पक्षाच्या हाती होता. म्हणजे कारभारातही त्यांना जागा मिळाली.

पण शरीर थकलं होतं. अपुरं अन्न, झोप नाही, कामाचा डोंगर. फेफऱ्याचे झटके येऊ लागले. ९ डिसेंबर १९४२ ला त्यातच त्यांचा अंत झाला. वय ३२. बाळ साडेतीन महिन्यांचं. छिंगलानचं वय २६.

त्यांना तिथल्या एका खेड्यात पुरलं. पुढं चीन स्वतंत्रपणे उभा राहिल्यावर शिजियाझुआंग शहरात हुतात्म्यांचं मोठं स्मारक झालं, तिथं त्यांची समाधी आणि पुतळा आहे. आपल्याकडं जसा पितृपक्ष, तसा चिनी लोकांत वसंत ऋतूत पूर्वजांच्या समाध्या झाडून-पुसून फुलं वाहण्याचा दिवस असतो. त्या दिवशी के दिहुआंच्या समाधीवरही फुलं पडतात. सोलापूरचा मुलगा तिथं पूर्वजांमध्ये मोजला जातो!

छिंगलानबाईंचं पुढचं आयुष्य सोपं नव्हतं. यिनहुआ बापासारखा डॉक्टर व्हायचं म्हणून शिकत होता. १९६७ मध्ये, शिक्षण पुरं व्हायच्या आत, वयाच्या २४ व्या वर्षी तोही गेला. एका बाईनं किती सोसायचं? तरी त्यांनी सासरचं नातं तोडलं नाही. १९५८ मध्ये त्या पहिल्यांदा भारतात आल्या, नंतरही अनेकदा येत राहिल्या. नणंदा-दिरांना भेटत राहिल्या. २०१२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला भय्या चौकातल्या घरात डॉक्टरांचं स्मारक खुलं झालं होतं.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून छाती अभिमानानं भरून येते. येऊ द्यावी. पण मैत्रिणींनो, गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या अंगणातली आहे.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी डॉक्टरांवर सिनेमा काढला. त्यात जयश्रीबाईंनी चिनी बायको साकारली. देशभरातल्या प्रेक्षकांनी त्या चिनी सुनेला डोक्यावर घेतलं. त्यानंतर १६ वर्षांनी, १९६२ मध्ये, भारत आणि चीनमध्ये युद्ध झालं. आसाममध्ये चहाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी १८३० च्या दशकापासून चिनी कामगार आणले होते. त्यांची पोरं-नातवंडं इथंच जन्मली होती. कुणी आसामी बायको केली होती, कुणी घरात आसामीच बोलायचं. कायदा असा बदलला की आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी एकजण जरी त्या देशाचा नागरिक असला, तरी इथं जन्मलेला माणूसही परका ठरावा. आसाम, बंगाल, शिलाँगकडच्या सुमारे ३ हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेलं. त्यात म्हाताऱ्या बायका होत्या, गरोदर बायका होत्या, शाळेत जाणारी पोरं होती. काहीजण तर १९६७ पर्यंत तिथंच होते. कितीतरी जणांना बोटीत घालून चीनला पाठवलं, ज्या देशाचं त्यांनी तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. मागं राहिलेल्यांची घरं, दुकानं गेली. मकुमसारख्या गावात नवरा एकीकडं, बायको दुसरीकडं अशी ताटातूट झाली.

युद्धाच्या दिवसांत सरकारला सावध राहावं लागतं, हे मान्य. पण आजीच्या चेहऱ्यावरून नातवाला शत्रू ठरवायचं? त्या छावणीतल्या एखाद्या बाईची आणि छिंगलानबाईंची कहाणी शेजारी ठेवून बघा.

आपल्या विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात तिरोडी नावाचं गाव आहे. १९६३ मध्ये वाट चुकून भारताच्या हद्दीत आलेला एक चिनी सैनिक काही वर्षं तुरुंगात राहिला आणि १९६९ मध्ये सुटल्यावर त्या गावात आणला गेला. त्यानं तिथल्या मुलीशी लग्न केलं, मुलं-नातवंडं झाली, तो हिंदी बोलू लागला. पण पन्नास वर्षं होऊन गेली तरी तो भारताचा नागरिकही नव्हता आणि सुखानं मायदेशी जाऊही शकत नव्हता. २०१७ मध्ये एकदाचा तो आपल्या भावंडांना भेटायला जाऊ शकला. तोवर आई कधीच गेली होती.

चीनमध्ये सगळं आलबेल आहे असंही कुणी समजू नये. एवढा अवाढव्य देश, पण २०१० च्या तिथल्या जनगणनेत नागरिकत्व मिळालेले परदेशी लोक दीड हजारसुद्धा भरले नव्हते. कोटणीसांना जे मिळालं ते युद्धात खांद्याला खांदा लावून उभं राहिलेल्या माणसांनी दिलं. ते सगळ्यांना मिळतंच असं नाही, तिथंही नाही आणि इथंही नाही.

म्हणून तर कायदा लागतो. आपल्या राज्यघटनेत चौदावं कलम आहे. कायद्यापुढं समानता, असं ते सांगतं. गंमत म्हणजे त्यात नागरिक हा शब्दच नाही. व्यक्ती असा शब्द आहे. म्हणजे भारताच्या भूमीवर उभा असलेला कुणीही, मग तो परदेशी का असेना, कायद्यापुढं समान. मतदानासारखे काही हक्क नागरिकांनाच आहेत, पण न्यायाची दारं सगळ्यांना उघडी ठेवलेली आहेत. आणि निजामाच्या मुलखातून आलेल्या विणकरांना? इथं जन्मलेल्या आणि इथंच घर केलेल्या सगळ्यांना राज्यघटनेनं भारताचे नागरिक करून टाकलं. अक्कांच्या घराण्याचा प्रश्न तेव्हाच मिटला होता. कचेरीतल्या त्या टेबलापर्यंत मात्र ती बातमी पोचायची राहिलीय.

बायकांच्या बाबतीत कायदाही बराच काळ मागं होता, तेही सांगायला हवं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात परदेशात जन्मलेल्या बाळाला भारतीयत्व मिळायचं ते बापाकडून. आई भारतीय असून उपयोग नाही. समजा, सोलापूरची एखादी मुलगी डॉक्टर होऊन परदेशी गेली असती, तिथल्या माणसाशी लग्न केलं असतं, तर तिचं तिथं जन्मलेलं मूल भारताच्या कायद्याला परकं. हा फरक १९९२ च्या दुरुस्तीनं गेला. आता आईचं भारतीय असणंही पुरतं. परदेशी सुनेला किंवा जावयाला इथं सात वर्षं राहिल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. इतर परदेशी माणसाला साधारण १२ वर्षं वाट बघावी लागते. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर व्हिसाच्या तारखा आणि राहण्याचे पुरावे तिनं पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत. नंतर धावपळ होते.

गेल्या रविवारी मी अक्कांना घेऊन भय्या चौकातल्या त्या घरी गेले. इतकी वर्षं सोलापुरात, पण त्या आत कधी गेल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर मीही नव्हते. अक्का शांतपणे सगळं बघत होत्या. मग त्यांनी मला विचारलं की हे डॉक्टर चीनमध्ये एकूण राहिले किती वर्षं? मी बोटांवर हिशेब केला. सप्टेंबर १९३८ ते डिसेंबर १९४२. चार वर्षं आणि वर तीन महिने.

अक्कांनी मान हलवली. चार वर्षांत ते त्यांचे झाले, आणि आमच्या चार पिढ्या झाल्या, एवढंच त्या म्हणाल्या. मग पदर सारखा करून जिना उतरू लागल्या. मला काही उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर त्या कचेरीतल्या माणसाला जरूर सांगा.